लाईट सुरू होण्याआधी तोंडाची तयारी

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशनची, म्हणजे लाईटची, तारीख मिळाली की घरातले सगळे गाडीभाडं, राहायची सोय आणि फायलींच्या मागे लागतात. ते करावंच लागतं. पण तोंडाची तयारीही त्याच आठवड्यात सुरू करा, कारण पहिले दहा-बारा दिवस पेशंटला फारसं काही जाणवत नाही आणि सगळ्यांना वाटतं, निभावलं आपलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटाकडे गाल आतून लाल व्हायला लागतो, मग चट्टे पडतात, आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात पाण्याचा घोटसुद्धा आग करत खाली उतरतो. बहुतेकांना आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे, म्हणजे एकूण ३० ते ३५ शेक (लाईटच्या एकेका दिवसाच्या खेपा) असतात. त्यांत खंड पडला तर आजाराला पुन्हा जोर धरायला सवड मिळते. आणि खंड पडतो तो बरेचदा तोंड आलं, खाणं तुटलं, अंगातलं त्राण गेलं म्हणूनच. खालची सगळी खटपट तेवढ्यासाठी आहे.

सगळ्यात आधी दातांचे डॉक्टर. किडलेला, हलणारा दात काढायचा असेल तर लाईटच्या निदान दोन आठवडे आधी निघायला हवा, म्हणजे जखम भरायला वेळ मिळतो. टोकदार दात घासून घ्या, नाहीतर सुजलेला गाल नेमका त्याच टोकावर घासत राहतो. फ्लोराइडची जेल कशी लावायची ते तिथेच विचारून घ्या. कवळी रात्री काढून ठेवायची. तोंड आलं की दिवसाही कमीत कमी घालायची.

तंबाखू, गुटखा, मावा, विडी, दारू बंद. हे सगळ्यांना माहीत असतं, पण मशेरी कोणी मोजतच नाही. आईला, आजीला स्पष्ट विचारा. सुजलेल्या तोंडाला मशेरी लागत राहिली तर चट्टे लवकर भरत नाहीत आणि लाईटचा उपयोगही कमी होतो. एकट्याने सुटत नसेल तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर फोन करा. गुटखा खाल्लेल्या माणसाचं तोंड बरेचदा आधीच कमी उघडत असतं. सुरुवातीलाच त्याची स्वतःची किती बोटं उभी मावतात ते बघून फायलीत लिहून ठेवा, आणि जबडा उघडण्याचे व्यायाम शिकून घ्या. दुखायला लागल्यावर नवा व्यायाम कोणी शिकत नाही.

आता चूळ. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा, रोज ताजं. दर दोन-तीन तासांनी, खाण्याआधी आणि नंतर, रात्री जाग आली तर तेव्हाही. तोंडात हळूच खेळवायचं आणि सोडून द्यायचं. खळखळून जोर लावायचा नाही, गिळायचं नाही. पहिल्या दिवसापासून सुरू करा आणि दवाखान्याच्या रांगेतही बाटली जवळ ठेवा. झोंबणारे, दारूचा अंश असलेले माउथवॉश घरातून काढून टाका. तुरटी, लवंगेचं तेल, हळदीचा लेप असं प्रेमाने सुचवणारे पुष्कळ भेटतील; त्यांचं ऐकून घ्या, तोंडात मात्र काही लावू नका. बेंझिडामाइनची, म्हणजे सूज आणि दुखणं कमी करणाऱ्या औषधाची, चूळ आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारा; ती तोंड येण्याआधीपासून वापरली तर जास्त उपयोगी पडते. काही मोठ्या दवाखान्यांत यासाठी कमी शक्तीचा लेसरही देतात, तेही विचारा. ब्रश लहान मुलांचा, अगदी मऊ, वापरण्याआधी कोमट पाण्यात बुडवलेला. पेस्टही मुलांची, बिनतिखट.

खाण्याची तयारी हा सगळ्यात मोठा भाग आहे, आणि इथे आपलं स्वयंपाकघर खरोखर उपयोगी पडतं. बाळाला देतो ते खिमट आठवा. तांदूळ धुऊन वाळवायचे, मूगडाळ मंद भाजायची, दोन्हींचा मिक्सरवर बारीक रवा काढून डबा भरून ठेवायचा. दोन चमचे रवा दीड-दोन कप पाण्यात गुठळी होऊ न देता शिजवायचा, वरून चांगलं चमचाभर तूप. हिंग-जिरं नको, मीठही नावापुरतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत हे चमच्याने जातं. पुढे तेच दूध घालून पातळ करायचं आणि चाळणीतून गाळायचं, कारण एक कण जरी चट्ट्यावर बसला तरी माणूस वाटी बाजूला सारतो. नाचणीची पेज, शेवयांची अगदी मऊ खीर, गोड ताजं दही, दुधात फेटलेलं कस्टर्ड, चालत असेल त्यांना मऊ उकडलेलं अंडं कुस्करून. भाकरी सुटणार याचं मराठवाड्या-विदर्भातल्या माणसाला फार वाईट वाटतं. सुरुवातीला मऊ ज्वारीची भाकरी दुधात भिजवून, पूर्ण विरघळवून द्या. ठेचा, लोणचं, टोमॅटो, लिंबू, चिंच, चिवडा आणि कडकडीत चहा बंद. सगळं कोमट किंवा गार. तीन जेवणांऐवजी दर दोन तासांनी वाटीभर. चव जाते, सगळं मातीसारखं लागतं. म्हणून ‘आवडीचं केलं तरी खात नाही’ असं म्हणून रुसू नका.

दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन. लाईटच्या वेळी चेहऱ्यावर जो मास्क बसवतात तो सुरुवातीच्या मापाचा असतो. माणूस फार वाळला की तो सैल पडतो आणि सगळं माप पुन्हा घ्यावं लागतं.

नाकातून नळी घालायची वेळ आली तर घरात रडारड होते. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही त्याबद्दल आधीच बोलून ठेवलं होतं, त्यामुळे पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी विषय काढला तेव्हा त्यांनी स्वतःच मान हलवली. नळी म्हणजे आजार वाढला असं नाही. पोट भरलेलं राहतं, औषधं आत जातात, शेक चुकत नाहीत.

दुखण्याचं औषध सुरू करायला दुखणं असह्य होईपर्यंत थांबू नका. पातळ पॅरासिटॅमॉलपासून मॉर्फिनपर्यंत पायऱ्या आहेत, आणि डॉक्टरांच्या मापात घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागेल अशी धास्ती बाळगू नका. त्याने पोट मात्र साफ होत नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबतच मागून घ्या. तोंड बधीर करणारी जेल खाण्याआधी थोडा वेळ लावतात; त्यानंतर गरम काही देऊ नका, जीभ भाजली तरी कळत नाही. घशापर्यंत बधिरपणा गेला तर ठसकाही लागतो. लाळ चिकट, तारेसारखी होते; झोपताना डोकं उंच ठेवा, उशाशी भांडं आणि मऊ कापड ठेवा. बोलणं नको वाटतं, म्हणून एक पाटी किंवा वही-पेन हाताशी असू द्या. आमच्याकडे भिंतीवर ‘पाणी’, ‘दुखतंय’, ‘दिवा बंद’ असे कागद लावले होते आणि वडील नुसतं बोट दाखवायचे.

फोन करायला सकाळची वाट बघू नये अशी कारणं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, विशेषतः सोबत केमो चालू असेल तर, पाणीही न जाणं, लघवी कमी आणि गडद होणं, तोंडातून रक्त, श्वास घेताना आवाज येणं. पुसून न निघणारे किंवा पुसल्यावर खाली लाल दिसणारे पांढरे ठिपके ही बुरशी असू शकते, तिचं औषध वेगळं असतं, दुसऱ्या दिवशी दाखवा. मधुमेह असेल तर खाणं कमी झालं की इन्सुलिन-गोळ्यांचं माप बदलावं लागतं, ते आधीच विचारून ठेवा.

शेवटचा शेक झाला की पेढे वाटा, पण मिठाच्या पाण्याची बाटली उचलून ठेवू नका. त्यानंतरचा आठवडा-दहा दिवस तोंड आणखी वाईट असू शकतं, आणि भरून यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. खिमटाचा एक डबा त्या दिवसांसाठी वेगळा भरून ठेवा. आणि फायलीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा: जबड्याला लाईट दिलेली आहे, रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढू नये. शेक बसलेल्या हाडात रक्त कमी फिरतं, जखम भरत नाही, आणि हा धोका वर्षानुवर्षं राहतो. गावातल्या दातांच्या डॉक्टरांना ते पान दाखवूनच खुर्चीत बसायचं.