वस्त्रदानाचा दरबार जलरंगात

१७२० मध्ये शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे दिली ती आपल्या सातारा जिल्ह्यातल्या मसूरला. हा प्रसंग जरूर रंगवा. ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड) सुती कागद ओला करून बोर्डावर ताणा. मोती, जरीकाठ यांवर आधीच मास्किंग फ्लुइड (खालचा कागद कोरा राखणारा रबरी द्रव) लावा. मागाहून पांढरा पोस्टर कलर लावला की चमक मरते. गर्दीवर यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, पातळ वॉश (पाणीदार रंगाचा थर) एका दमात द्या. अर्धवट वाळलेल्या वॉशवर ओला ब्रश टेकला, तर फुलकोबीसारखा डाग उमटतो. चेहरा पूर्ण वाळल्यावरच पगडीचा केशरी भरा, नाहीतर तो कपाळावर उतरतो. मग मास्किंग बोटाने चोळून काढा. जरीला सोनेरी रंग नकोच! फिक्या पिवळ्याला खेटून गडद तपकिरी लावा, जरीकाठ झळकतो. सर्वांत गडद छटा वस्त्रांच्या तबकामागे. मागचे दरबारी नाकडोळ्यांशिवायही चालतील.