गिटारचा टॅब वाचायला शिकताना

टॅब म्हणजे कुठली तार कुठे दाबायची ते रेघा आणि आकड्यांनी दाखवणारं लेखन. त्यातल्या सहा आडव्या रेघा म्हणजे गिटारच्या सहा तारा. नवशिक्यांचा पहिला घोळ इथेच होतो. गिटार हातात धरली की जाड सहावी तार वर येते, टॅबमध्ये मात्र ती सर्वांत खालची रेघ असते. गिटार मांडीवर उताणी ठेवून खाली बघा: जाड तार तुमच्या पोटाशी, बारीक तार पलीकडे. टॅबचं चित्र हेच आहे.

रेघेवरचा आकडा फ्रेटचा, म्हणजे गिटारच्या मानेवर धातूच्या पट्ट्यांनी पाडलेल्या घराचा असतो, बोटाचा नव्हे. ० म्हणजे मोकळी तार. ३ म्हणजे तिसऱ्या फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून, तिच्या डावीकडे दाबायचं. पट्टीपासून लांब दाबलं की तार खरखरते. १२ हा एकच आकडा आहे, १ आणि मग २ असं वाजवू नका. आकडे एकाखाली एक असतील तर त्या तारा एकदम छेडायच्या. फुली म्हणजे तार नुसत्या स्पर्शाने दाबून ‘टक’ असा आवाज काढायचा.

सुरुवात ओळखीच्या सरगमने करा. पांढरी एकचा (पाश्चात्त्य ‘सी’) सा धरून:

१|------------------------|
२|-------------------०--१-|
३|-------------०--२-------|
४|----०--२--३-------------|
५|-३----------------------|
६|------------------------|

सा रे ग म प ध नी सां. पहिल्या फ्रेटला तर्जनी, दुसऱ्याला मधलं बोट, तिसऱ्याला अनामिका. तोंडाने सरगम म्हणत वाजवा, म्हणजे चुकीची तार छेडली की कानाला लगेच कळेल.

त्याआधी गिटार लावून घ्या, नाहीतर टॅब बरोबर वाचूनही बेसूरच वाजेल. सहाव्या तारेचा पाचवा फ्रेट मोकळ्या पाचवीशी जुळला पाहिजे. पुढे पाचवी-चौथी आणि चौथी-तिसरी जोडीही पाचव्याच फ्रेटवर, तिसरी-दुसरी मात्र चौथ्यावर, आणि दुसरी-पहिली पुन्हा पाचव्यावर. मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगतं, स्टीलच्या तारा गंजतात. एसीच्या खोलीतून गिटार बाहेर आणली तरी सूर हलतो. पावसाळ्यात तर दर वेळी तपासाच, आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा.

आकड्यांमधली अक्षरं: ५एच७ म्हणजे पाचवा छेडून सातव्यावर बोट आपटायचं, पुन्हा छेडायचं नाही. ७पी५ याच्या उलट, बोट तारेला किंचित ओढत उचलायचं. तिरकी रेघ म्हणजे बोट न उचलता सरकवायचं. ७बी९ म्हणजे सातव्यावर तार इतकी ताणायची की नवव्याचा सूर लागेल. हे महिनाभराने करा, आधी बोटं घट्ट होऊ द्या. वर कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लिहिला असेल तर फ्रेट कॅपोपासून मोजायचे.

साध्या टॅबमध्ये ताल नसतो. आकड्यांमधली जागा अंदाज देते, पण तिच्यावर विसंबू नका. गाणं आधी चार-पाच वेळा ऐका, पायाने ठेका धरा, मग एकेक तुकडा निम्म्या लयीत बसवा. गाणं मुळीच माहीत नसेल तर टॅबवरून ते उभं राहत नाही.

लोकलमध्ये फोनवर टॅब वाचताना तो आडवा धरा. उभ्या स्क्रीनवर लांब रेघा मोडून खालच्या ओळीत जातात आणि चौथ्या तारेचा आकडा तिसऱ्या तारेखाली येऊन बसतो. गिटार जवळ नसली तरी ‘पाचवी तार, तिसरा फ्रेट’ असं मनात म्हणत जा. दादर ते बोरिवलीत दोन ओळी सहज पाठ होतात.