लाकडाचा भाव विचारण्याआधी: घनफूट, सूत आणि घेर

सुतारकाम नव्याने शिकणारी मुलं पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये शिरली की आधी विचारतात, "सागवान काय भाव?" दुकानदार आकडा सांगतो, मुलं तो वहीत लिहितात आणि पुढच्या दुकानात जातात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी माप शिकवतो. एकच भाव दोन दुकानांत दोन वेगवेगळ्या मापांवर लागू शकतो, आणि मग वहीतल्या आकड्यांची तुलना करून काहीच कळत नाही.

भरीव लाकूड घनफुटावर विकतात. बाजारात 'सीएफटी' म्हणतात ते हेच. हिशेब सोपा: लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिघांचा गुणाकार करून 144 ने भागायचं. दाराची चौकट घ्या, पाच बाय तीन इंचांच्या नगांची. सात फुटी दोन उभे, वरची आडवी साडेतीन फुटी गणेशपट्टी आणि तेवढाच उंबरा, म्हणजे एकूण 21 फूट. 21 × 5 × 3 भागिले 144, साधारण 2.19 घनफूट. हे गणित दुकानात शिरण्याआधीच करून ठेवावं. परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांना बोर्डफूट भेटतो. 12 बोर्डफूट म्हणजे एक घनफूट.

आता सूत. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि आमचे मिस्त्री मिलिमीटरपेक्षा सुतातच जास्त बोलतात. पाच बाय तीनच्या नगाला चारही बाजूंनी एकेक सूत रंधा मारला, की हातात उरते पावणेपाच बाय पावणेतीन. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जवळपास 13 टक्के लाकूड भुशात गेलेलं असतं. यात फसवणूक नाही, रंधा मारावाच लागतो. म्हणून विचारायचं ते असं: "साइज रंध्याआधीची की नंतरची?" पावणेपाचचा तयार नग पाच धरून मोजत असतील, तर भाव कमी सांगूनही तो दुकानदार महाग पडू शकतो.

गोल लाकडाचं माप मात्र नव्या माणसाला चक्रावून टाकतं. ओंडक्याच्या मध्यावर टेप गुंडाळून घेर घेतात, त्याचा चौथा भाग काढतात, त्याचा वर्ग करून लांबीने गुणतात. घेर 48 इंच, लांबी 10 फूट असेल तर चौथाई 12 इंच, म्हणजे एक फूट. माप झालं 10 घनफूट. प्रत्यक्षात त्या ओंडक्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असतं. मग फायदा आपलाच? ओंडका चौरस करून बघा. त्याचा व्यास सव्वापंधरा इंच, त्यातून निघणारा सगळ्यात मोठा सरळ चौरस पावणेअकरा इंचांचा, म्हणजे सुमारे आठ घनफूट. कडेच्या फाकांतून थोड्या पट्ट्या निघतील, पण करवतीची वाटही लाकूड खाते, आणि रसकाठ (सालीलगतचं कच्चं लाकूड), भेगा, पोकळ गाभा यांचं नुकसान वेगळंच. घेर सालीसकट घेतला का, हेही विचारा. जाड सालीचा ओंडका माप फुगवतो.

चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग वनविभागाच्या डेपोतून लिलावात घ्यायचा तर हिशेब घनमीटरमध्ये असतो. एक घनमीटर म्हणजे 35.3 घनफूट. लॉटचा दर 35.3 ने भागला की घनफुटाचा दर मिळतो, पण तो गोल मालाचा. कापलेल्या मालाच्या भावाशेजारी तो ठेवू नका. वाहतूक, कापायची मजुरी आणि घट धरूनच दोन्हींची तुलना होते. एकदोन चौकटींचं काम असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: कापलेलाच माल घ्या.

प्लायवूडचा भाव चौरस फुटावर असतो, आठ बाय चारचा तक्ता 32 चौरस फुटांचा. प्लायच्या कडेला लावायच्या लिपिंगच्या पट्ट्या रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर मिळतात. तिथे जाडी आणि रुंदी आधी पक्की करा, कारण भावात ती वेगळी दिसत नाही.

पावतीवर नुसतं 'सागवान, 2.19 सीएफटी' लिहू देऊ नका. प्रत्येक नगाची लांबी, रुंदी, जाडी लिहून घ्या आणि माल टेम्पोत चढण्याआधी तिथेच टेप लावा.