बडोद्यात नवे आलात? आधी घरातले दोन लॅपटॉप जोडून घ्या

घर, गॅस, दूध याचं कोणीही सांगेल. इंटरनेटवाला मात्र 'काले आवी जईश' म्हणून जातो. हे 'काले' म्हणजे आपलं 'काल' नव्हे, उद्या. तो उद्या कधी उजाडेल याचा भरवसा नाही. तोवर एकाच्या लॅपटॉपमधली फाइल दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये न्यायला पेनड्राइव्ह शोधत बसू नका.

राउटर लागत नाही. जुन्या विंडोजमध्ये यासाठी अ‍ॅड-हॉक नेटवर्क, म्हणजे राउटरशिवाय लॅपटॉप थेट जोडायची सोय, होती. विंडोज ८ पासून तो पर्याय पडद्यावरून गेला. आता सेटिंग्जमध्ये 'मोबाइल हॉटस्पॉट' आहे, पण मशीनकडे वाटायला इंटरनेट नसेल तर तो अडून बसतो. त्यापेक्षा अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट लावा, मोबाइल डेटा बंद करा आणि दोन्ही लॅपटॉप त्यावर घ्या. फाइली घरातल्या घरात फिरतात, रिचार्ज शाबूत राहतो.

नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा, फाइल शेअरिंग सुरू करा. लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर हॉटस्पॉटनं पत्ता दिलेलाच नाही. तोडून परत जोडा. दुसऱ्या मशीनवर पासवर्ड विचारला की बहुतेक जण रोजचा पिन टाकतात आणि वैतागतात. पिन त्याच मशीनपुरता असतो. इथे खात्याचा खरा पासवर्ड लागतो.

आता माझी चूक. फोल्डर शेअर करताना मी घाईत 'एव्हरीवन'ला (म्हणजे सगळ्यांनाच) 'फुल कंट्रोल' दिलं, म्हणजे बदलायची, पुसायचीही मुभा. सहावीतल्या चिरंजीवांनी त्यांच्या लॅपटॉपवरून माझ्या फोल्डरची 'साफसफाई' केली. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचे सगळे फोटो गेले. रिसायकल बिन उघडली तर रिकामी. नेटवर्कवरून पुसलेली फाइल तिथे जातच नाही, थेट जाते. म्हणून फक्त 'रीड', म्हणजे नुसतं बघायची परवानगी, द्या. बायकोलाही 'रीड'च. रुसली तरी चालेल.

दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर हॉटस्पॉटच्या ५ गिगाहर्ट्झ वाय-फाय पट्ट्याच्या नादी लागू नका. त्या भिंतींपुढे २.४ बरं.

इथले जुने मराठी लोक फार प्रेमळ, सयाजीरावांच्या काळापासूनची घरं आहेत. त्यांच्या गुजराती वळणाच्या मराठीला हसू नका. कोणी 'माझा भाचा येऊन करून देईल' म्हणालं तर हो म्हणा, भाच्याला चहा पाजा, पण पासवर्ड त्याच्यासमोर टाकू नका.