पाहुण्यांचं वायफाय वेगळं करायचंय? राउटर कुठे जोडता ते आधी बघा

वरच्या खोल्या पर्यटकांना भाड्यानं देत असाल, किंवा चवथीला वीस माणसं घरात शिरून आधी वायफायचा पासवर्ड आणि मग पाणी मागत असतील, तर एक सल्ला तुम्हालाही मिळाला असेल: "पाहुण्यांना दुसरा राउटर लावून दे, झालं." मीही तो ऐकला. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातलं आमचं घर जुनं, चिऱ्याच्या जाड भिंतींचं. खालच्या वायफायचा वर पत्ता नसतो. म्हणून वर एक नवा राउटर आणला, इंटरनेट कंपनीनं बसवलेल्या डब्यातून केबल ओढली, नवं नाव दिलं, नवा पासवर्ड ठेवला. अख्खा सीझन मी समाधानात काढला. मग एकदा त्याच पाहुण्यांच्या वायफायवरून माझ्या फोनवर आमच्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचा पत्ता सहज टाकला, तर लॉगिनचं पान उघडलं!

त्याकडे येतोच. आधी सोपं उरकू.

राउटरचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी. सेटिंगच्या पानाचा (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) जो पासवर्ड डब्याखालच्या स्टिकरवर छापलेला असतो, तो पहिल्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसनं लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कसली अवघड युक्ती करून नव्हे, तर बनवणाऱ्या कंपनीनं घालून दिलेले, कुणी न बदललेले पासवर्ड टाकून बघत.

सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए३, जुनी उपकरणं अडत असतील तर डब्ल्यूपीए२. डब्ल्यूपीएस, म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून वायफाय जोडायची सोय, बंद. त्याचा पिन आठ आकडी दिसतो, पण दोन तुकड्यांत तपासला जात असल्यामुळे जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालंय. वायफायचं नाव लपवा, फोनचे मॅक पत्ते (वायफायवरचे ओळख क्रमांक) नोंदवा, असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि करू नका. जाणत्याला ते दोन्ही हवेतून वाचता येतात. त्रास होतो तो फक्त तुमच्या मावशीला.

आता खरी गोम. राउटर आतल्याला बाहेर जाऊ देतो, बाहेरच्याला न बोलावता आत येऊ देत नाही. आता बघा, पाहुण्यांचा राउटर तुम्ही घराच्या डब्याला जोडलात की त्या राउटरच्या हिशेबी 'आत' पाहुणे आणि 'बाहेर' तुमचं घर! म्हणजे पाहुण्याला तुमच्या रेकॉर्डरपर्यंत, प्रिंटरपर्यंत वाट मोकळी, आणि तुम्हाला त्याच्याकडे जायला बंद. माणूस पाहुण्याला बल्कांवात (दारापुढच्या ओसरीवर) बसवतो, मी त्याला देवघरात बसवून स्वतः बल्कांवात झोपलो होतो. नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, म्हणून जाळंही वेगळं असं समजू नका.

माझं मत ठाम आहे: चांगला राउटर घरच्यांसाठी घ्या, घरातलं सगळं त्याच्यामागे न्या आणि पाहुण्यांना त्याच राउटरचं गेस्ट नेटवर्क, म्हणजे घरच्या वस्तूंपासून तोडलेलं वेगळं वायफाय, द्या. कंपनीच्या डब्याचं काम एवढंच, की फायबर घ्यायची आणि पुढे द्यायची.

जोडताना दोन ठिकाणी माझी दुपार गेली. पहिलं, कंपनीच्या डब्यातून आलेली केबल नव्या राउटरच्या वॅन किंवा इंटरनेट लिहिलेल्या भोकातच घाला. ते बहुधा वेगळ्या रंगाचं असतं. लॅन लिहिलेल्या, घरातल्या वस्तूंसाठीच्या भोकात घातलीत तरी इंटरनेट चालेल, आणि तीच फसगत. दोन्ही डबे पत्ते वाटत बसतात, अर्धे फोन चालतात, अर्धे अडतात, आणि राउटरची भिंत वाटेत येतच नाही. दुसरं, दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर ते एकमेकांत अडकतात. काही नवे राउटर हे ओळखून स्वतःच पत्ता बदलतात, पण त्या भरवशावर राहू नका. केबल जोडण्याआधीच नव्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ करून घ्या.

मग टीव्ही, प्रिंटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर अशी कंपनीच्या डब्याची एकूण एक वायर काढून नव्यात घाला. रेकॉर्डर विसरू नका. काही राउटरांचं गेस्ट नेटवर्क फक्त राउटरच्या स्वतःच्या जाळ्यापासून पाहुण्यांना तोडतं, कंपनीच्या डब्यावर लटकलेल्या वस्तूंपासून नाही. शेवटी कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ दोन्ही. त्या डब्याचं सेटिंगचं पान नव्या वायफायवरूनही उघडतं, म्हणूनच त्याचाही पासवर्ड बदललेला हवा. वरच्या मजल्यासाठी त्याच कंपनीचा मेशचा (एकच वायफाय पुढे पसरवणारा) दुसरा तुकडा घ्या, पण जोडी ॲक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे राउटरचं काम सोडून फक्त वायफाय देण्यावर, टाकू नका; काही मॉडेलांत तिथे गेस्टची आडभिंत गळून पडते.

मग तपासा. हे न करता कुणी 'झालं' म्हणालं तर मी विश्वास ठेवत नाही. फोन गेस्टवर जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि रेकॉर्डरचा, प्रिंटरचा, राउटरचा पत्ता एकेक करून टाका. काहीही उघडता कामा नये. कंपनीच्या डब्याचं पान उघडू शकतं. त्यासाठीच तो पासवर्ड.

बाकी यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना राउटरची दारं आपोआप उघडू देणारी सोय) बंद, बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद, फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट आपोआप. पाहुण्यांचा पासवर्ड मी सीझन संपला की बदलतो.

आणि जूनमध्ये विजा कडाडून डबा जळाला, कंपनीचा माणूस नवा लावून गेला, तर त्या नव्या डब्याचं वायफाय स्टिकरवरच्या पासवर्डासह चालूच असतं. तो जिना उतरण्याआधी फोन काढा आणि बंद करून घ्या.