पुनर्वसनाच्या दवाखान्यात भेटायला जाताय? क्रूझर भरून जाऊ नका

आपल्याकडे माणूस दवाखान्यात पडला की पहिल्या आठवड्यात अख्खं गाव जाऊन येतं. आयसीयूच्या काचेतून बघायचं, खाली टपरीवर चहा घ्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि संध्याकाळच्या आत घरी. तेव्हा पेशंटला आपण आलोय हे कळतही नसतं. खरी माणसं लागतात ती पुढे. जीव वाचलेला असतो, टाके निघालेले असतात आणि बसणं, उठणं, गिळणं, बोलणं सगळं नव्याने शिकायचं असतं. ते काम महिनोन्‌महिने चालतं. नेमकी तेव्हाच कापसाची वेचणी निघते नाहीतर लगीनसराई लागते, आणि वॉर्डात कोणी फिरकत नाही.

मी अमळनेर तालुक्यातली. घरी आमच्या यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सगळे आप्पा म्हणतात, म्हणून इथेही आप्पाच लिहिते. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. हिवाळ्यापासून उन्हाचा चटका लागेपर्यंत मी जळगावच्या वॉर्डात त्यांच्या कॉटशेजारी राहिले. त्यामुळे कोणाच्या येण्याने त्यांचा दिवस चांगला जायचा आणि कोणाच्या येण्याने रात्रीची झोप उडायची, हे मी पाहिलंय.

निघण्याआधी फोन करा, तोही पेशंटजवळ राहणाऱ्याला. सकाळी तिथे कोणी रिकामं नसतं. अंघोळ, नाश्ता, मग पायाचा व्यायाम, हाताचा व्यायाम, बोलण्याची थेरपी. सकाळच्या सुरत-भुसावळ गाडीने येऊन दहाला वॉर्डात हजर झालेला पाहुणा बहुतेक वेळा थेरपीच मोडतो, कारण पेशंट पाहुण्याला सोडून जायला लाजतो. जेवणानंतर त्यांना झोप लागते आणि ती झोप मोडू नका. डोक्याला मार लागलेला किंवा लकवा झालेला माणूस लवकर थकतो, दहा पावलं चालला तरी दिवसभर नांगर धरल्यासारखा. आमच्या वॉर्डात साडेचार ते सहा ही वेळ सगळ्यात चांगली. तुमच्या दवाखान्याची वेळ वेगळी असेल, पासचा नियमही वेगळा असेल, ते विचारून घ्या.

दोघंच या. बाकीच्यांनी पुढच्या आठवड्यात यावं, त्यात कोणाचा अपमान नाही. सर्दी, खोकला, ताप असेल तर येऊच नका. छातीत कफ झाला की आडव्या पडलेल्या माणसाला तो निघता निघत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, तेव्हा उन्हातून आलात तर आधी बाहेर टेका, पाणी प्या, हात साबणाने धुवा आणि मगच आत या. नातवंडांना दवाखाना आत सोडत असेल तर जरूर आणा. आप्पांचा डावा हात सगळ्यात आधी नातीच्या वेणीकडे गेला होता.

आत आल्यावर कॉटवर बसू नका. मणक्याच्या पेशंटच्या खाली हवेची गादी असते, जखमा होऊ नयेत म्हणून. तिच्यावर पिशव्या, चाव्या, डबा काही ठेवायचं नाही. सिस्टर दर दोन तासांनी कूस बदलायला आल्या की तक्रार न करता बाहेर व्हा. लघवीची पिशवी कॉटखाली लोंबताना दिसली की आपल्यातला कोणीतरी ती "नीट" वर उचलून ठेवतो. तसं करू नका. पिशवी कमरेच्या खालीच राहिली पाहिजे, नाहीतर लघवी उलटी आत जाते आणि इन्फेक्शन होतं. व्हीलचेअर म्हणजे त्या माणसाचे पाय आहेत. तिच्या दांड्यावर आपली जड पिशवी अडकवू नका, खुर्ची मागे कलंडते. विचारल्याशिवाय ढकलूही नका. स्टूल ओढा आणि त्यांच्या डोळ्यांसमोर येईल असं बसा.

कोणत्या बाजूला बसायचं तेही विचारा. शेजारच्या कॉटवरच्या काकांची डावी बाजू गेली होती. डोळे चांगले होते, पण डावीकडचं जग त्यांच्या लक्षातच यायचं नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायची. थेरपिस्ट मुलीने सगळ्या पाहुण्यांना मुद्दाम डावीकडे बसवलं, मान तिकडे वळावी म्हणून. उलट मोठ्या आवाजात उजवीकडून बोलणारे व्याही आले की काका डावीकडे बघायचं विसरून जायचे.

गेलेला हात धरून ओढू नका. "ऊठ ऊठ, मर्द गडी तू" म्हणत काखेत हात घालून उभं करणारे दोन-तीन जण प्रत्येक गावात असतात. लकव्यात खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा खाली सरकतो, आणि ते दुखणं महिनोन्‌महिने पुरू शकतं. हातात हात घ्यायचा तर खालून तळहाताचा आधार देऊन घ्या.

आता खाण्याचं. खान्देशी माणूस रिकाम्या हाताने येत नाही, आणि हाच वॉर्डातला सगळ्यात मोठा धोका. केळी, शेव, वेफर, शहाळं, उरलेल्या हातात भरिताचा डबा. लकव्यात गिळायचे स्नायूही कमजोर होतात. अशा माणसाने साधं पातळ पाणी प्यायलं तरी ते श्वासनलिकेत उतरू शकतं, आणि ठसका लागलाच पाहिजे असं नाही. गुपचूप फुप्फुसात गेलं की न्यूमोनिया. म्हणून आप्पांना पाणीसुद्धा घट्ट करून चमच्याने मिळायचं, ताठ बसवून, हनुवटी जरा खाली घेऊन. खाऊन झाल्यावर अर्धा तास तसंच बसायचं. शेवेचा एक चिमूटभर घास अशा माणसाला किती महाग पडेल, सांगता येत नाही. त्यातून कोणाला साखर, कोणाला बीपी, कोणाच्या किडनीला पोटॅशियम चालत नाही म्हणून केळीही बंद. रक्त पातळ करायच्या काही गोळ्या चालू असतील तर मेथी-पालकही अचानक जास्त चालत नाही. डबा आणलात तर पेशंटच्या हातात देऊ नका, आधी सिस्टरला दाखवा.

आणि जो डबा आणायचा तो सोबत राहणाऱ्या बाईसाठी आणा. कॅन्टीनचा भात खाऊन जीव विटलेला असतो. माझी जाऊ कळण्याची भाकरी, लसणाची चटणी आणि हिवाळा होता तोवर बामणोदच्या वांग्याचं भरीत घेऊन यायची. ती म्हणायची, "तू बाहेर जाऊन खा, मी बसते." तेवढ्यात मला गरम जेवण मिळायचं, केस धुवायला मिळायचे.

औषधांचं एक बोलून टाकते. पारव्याचं रक्त, अमक्या गावचं तेल, तमक्या बाबाचा धागा, यातलं काही वॉर्डात आणू नका. गरम पाण्याची पिशवी आणि विटेचा शेकही नको. पायाला संवेदना नसते, भाजलं तरी पेशंटला कळत नाही, आणि मग ती जखम भरायला जो वेळ जातो त्यात सगळा व्यायाम बंद पडतो. शिरपूरकडच्या एका पोराचा झाडावरून पडून मणका मोडलेला होता. त्याच्या पायावर आत्याने मायेने शेक दिला होता. त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सिस्टरनी आम्हा सगळ्यांना शिकवली होती. मणका छातीच्या मधोमध किंवा त्याहून वर मोडलेला असेल आणि पेशंटचं डोकं अचानक ठणकू लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर बीपी भडकलेलं असतं. लगेच सिस्टरला हाक मारायची आणि तोवर डोकं उंच करून बसतं करायचं. बऱ्याचदा कारण लघवीच्या नळीला पडलेली पीळ एवढंच असतं, पण वेळ घालवला तर जिवावर बेततं.

बोलायचं कसं, हे सगळ्यात अवघड, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आल्या आल्या "ओळखलं का मला? सांग बरं मी कोण?" अशी परीक्षा घेऊ नका. आप्पांना सगळी माणसं कळत होती, नाव ओठावर येत नव्हतं एवढंच. पाचवा पाहुणा हाच प्रश्न विचारायचा तेव्हा ते भिंतीकडे तोंड करायचे. तुम्हीच सांगा, "मी पारोळ्याचा शालक आलोय." बोलणं गेलेल्या माणसाचं ऐकणं गेलेलं नसतं, म्हणून ओरडू नका. लहान बाळाशी बोलतात तसंही बोलू नका. एका वेळी एक माणूस, एक लहान वाक्य. हो-नाहीत उत्तर देता येईल असं विचारा. मग थांबा. शांतपणे दहापर्यंत मोजून होईल एवढं थांबा. आपण एवढं थांबू शकत नाही, वाक्य पुरं करून टाकतो, आणि बोलायला निघालेला माणूस परत आत जातो. चुकीचा शब्द आला तर सुधारू नका. ते "पाणी"ला "बैल" म्हणाले आणि तांब्याकडे बघत असतील तर पाणीच हवंय.

घरी अहिराणी बोलत असाल तर वॉर्डातही अहिराणीच बोला. दवाखान्यात गेल्यावर आपली माणसं उगाच पुस्तकी मराठी बोलायला लागतात. आप्पांचा बालमित्र यायचा, स्टूलवर बसून म्हणायचा, "कसा शे रे? चहा पिशी का?" आणि यांच्या तोंडातून "हा" निघायचा, थेरपीत न निघालेला. दुसरी गंमत म्हणजे, पाणी मागता न येणारा माणूस आरती म्हणू शकतो. लहानपणापासून पाठ झालेलं गाणं, एक ते वीस आकडे, वारांची नावं मेंदूत निराळ्या वाटेने बाहेर येतात. म्हणून भजनी मंडळातला कोणी असेल तर त्याने हळू आवाजात एखादा अभंग सुरू करावा आणि बघावं. शेजारच्या कॉटला त्रास होणार नाही एवढंच.

गप्पा शेतातल्या, गावातल्या करा. कापसाला काय भाव मिळाला, गिरणेचं आवर्तन सुटलं का, पोळ्याला कोणाच्या बैलजोडीने नंबर मारला. निर्णय असेल तर त्यांनाही विचारा, बांधावरचं झाड तोडायचं का हे त्यांनी मान हलवून सांगितलं तरी चालतं. "माझ्या मामेसासऱ्याला असाच लकवा झाला होता, वर्षात गेला" ही गोष्ट मात्र गावी ठेवून या.

रडणं. आपल्या म्हाताऱ्या बाया दारातूनच गळा काढतात. लकव्यानंतर पेशंटला काही कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं, ते मेंदूचं काम असतं, दुःख तेवढंच असेल असं नाही. त्यात आपण सूर मिळवला की दोघंही थांबत नाहीत. असं रडू आलं तर विषय बदला. आपलं रडू जिन्यात उरकून या.

ते स्वतः काही करत असतील तर हात आखडता घ्या. सदऱ्याचं एक बटण लावायला त्यांना पाच मिनिटं लागतात आणि आपल्याला ते बघवत नाही. तरी बघा. तेच त्यांचं औषध आहे, आणि तुम्ही पटकन लावून दिलेलं बटण म्हणजे एक डोस चुकवला. मोबाईल खिशात ठेवा. पहिलं पाऊल टाकल्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकायचा असेल तर आधी त्यांना विचारा, आणि मागे दुसऱ्याची उघडी जखम किंवा उघडं अंग येत नाही ना ते बघा.

पैसे द्यायचे असतील तर पाकिटात घालून सोबतच्या माणसाकडे द्या, उशीखाली सरकवू नका. पैशापेक्षा एक रात्र दिलीत तर जास्त उपयोग. पुरुष वॉर्डात बाईने रात्र काढणं किती अवघड असतं, ते मी सांगत बसत नाही. माझा दीर दर शनिवारी मुक्कामाला यायचा आणि मी गावी जाऊन अंथरुणावर पाठ टेकायचे. घरी पुढे ज्याला उचल-ठेव करायची आहे त्याने थेरपीच्या वेळेला यावं. कॉटवरून खुर्चीत कसं घ्यायचं, पट्टा कसा बांधायचा, ते थेरपिस्ट शिकवतात, आणि ते डिस्चार्जच्या दिवशी घाईत शिकता येत नाही.

ज्याला फॉर्म भरता येतो त्याने कागद हातात घ्यावेत. डॉक्टर सांगतील तेव्हा दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) ऑनलाइन अर्ज करावा लागतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व भरलं की बऱ्याच सवलतींचं दार उघडतं, एसटीच्या भाड्यातलीही.

आणि ज्याला गवंडीकाम कळतं त्याने दवाखान्यात येण्याऐवजी आमच्या घरी जावं, असं मी एकाला सरळ म्हणाले होते. आपली धाब्याची जुनी घरं, अरुंद दारं, त्यात उंबरठा, पुढे उंच ओटा. साधी व्हीलचेअरसुद्धा दोन फुटांहून जास्त रुंद असते, म्हणून दाराची चौकट आधी टेपने मोजायची. उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरायची, त्याहून उभा केला तर ढकलणाराही घसरतो. संडासात बसायला कमोडची खुर्ची आणि भिंतीला धरायला दांडा. त्या भावाने सगळं मोजून नेलं, आणि आप्पा घरी आले तेव्हा ओट्याचा उतार तयार होता.

अर्ध्या तासात उठा. निघताना "येतो पुन्हा" असं मोघम म्हणू नका, वार सांगा. तिथे माणसं वारावर जगतात. जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, आणि लांब असाल तर संध्याकाळी पाचच्या पुढे फोन करा. स्पीकर चालू करून सोबतचा माणूस कानाशी धरेल.