गाळणीच्या केकमध्ये कण कसे रचले जातात: मॉडेलिंगला सुरुवात करणाऱ्यांसाठी

स्फटिकीकरण संपलं की स्लरी, म्हणजे द्रव आणि स्फटिकांचं मिश्रण, फिल्टरवर येते. द्रव खाली उतरतो, स्फटिक कापडावर थरावर थर बसतात, आणि काही सेकंदांतच गाळण्याचं काम कापडाकडून या साचलेल्या केककडे जातं. कण कसे बसले यावर पुढचं सगळं ठरतं: गाळायला किती वेळ लागेल, धुताना मदर लिकरमधली (स्फटिकांभोवती उरलेल्या मूळ द्रवातली) अशुद्धी निघेल की कोपऱ्यात अडकून राहील, ड्रायरमध्ये किती ओल जाईल. या विषयात नवीन आलेला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात डीईएमचं (प्रत्येक कणाची हालचाल संगणकावर वेगळी मांडणाऱ्या पद्धतीचं) सॉफ्टवेअर उघडतो. त्याआधी मोजपट्टी हातात घ्या, असा आमचा आग्रह आहे.

कारण साधं आहे. केकमधल्या रिकाम्या जागेचा वाटा, म्हणजे सच्छिद्रता, काढायला तीनच मापं लागतात: सुक्या केकचं वजन, फिल्टरचं क्षेत्रफळ आणि केक ओला असतानाची जाडी. वजनाला स्फटिकाची खरी घनता, क्षेत्रफळ आणि जाडी या तिघांच्या गुणाकाराने भागा, उत्तर १ मधून वजा करा. आता चूक कुठे होते ते पाहा. जाडी २० मिमी असताना तुम्ही १९ वाचली, तर ०.४० ची सच्छिद्रता ०.३७ येते. फरक किरकोळ वाटतो. पण कोझेनी (१९२७) आणि कार्मन (१९३७) यांच्या सूत्रात केकचा रोध, म्हणजे द्रवाच्या वाटेतला अडथळा, घन भागाच्या वाट्याच्या सम प्रमाणात आणि सच्छिद्रतेच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे एका मिलिमीटरपायी रोधाचा आकडा सुमारे ३५ टक्क्यांनी वर जातो. म्हणून जाडी चार-पाच ठिकाणी मोजा. भिंतीलगत केक बहुतेकदा वर चढलेला असतो, ते माप सरासरीत घेऊ नका.

त्याच सूत्रात कणाच्या व्यासाचा वर्ग छेदात येतो. ३० मायक्रॉनचे गोल कण, घनता १३०० किलो प्रति घनमीटर, सच्छिद्रता ०.४० धरली तर विशिष्ट रोध (दर किलो स्फटिकामागचा रोध) साधारण १.४ अब्ज मीटर प्रति किलो येतो. व्यास १० मायक्रॉन केला की थेट १३ अब्ज. इथे व्यास कोणता घालायचा? साउटर सरासरी, म्हणजे पृष्ठफळावर आधारलेली. लेसर उपकरणाच्या अहवालात ठळक दिसणारी आकारमान-सरासरी घेतली तर बारीक कणांचं महत्त्व हरवतं, आणि रोध बारीक कणच ठरवतात. शिवाय लेसर उपकरण सुईसारख्या स्फटिकालाही गोल समजतं, तेव्हा सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो घेऊन लांबी-रुंदीचं गुणोत्तर वेगळं काढा.

आता गाळण चाचणी. फिल्ट्रेट, म्हणजे गाळून आलेला द्रव, तराजूवर घ्या, दर सेकंदाला वजन नोंदवा, आणि वेळ भागिले घनफळ हे घनफळासमोर मांडा. सरळ रेषा आली तर तिच्या चढावरून केकचा रोध मिळतो आणि छेदावरून, म्हणजे रेषा उभ्या अक्षाला जिथे मिळते तिथल्या आकड्यावरून, कापडाचा. द्रवाची श्यानता (वाहण्यातला चिकटपणा) गाळण्याच्या तापमानालाच मोजलेली हवी. सुरुवातीचे काही बिंदू वाकडे येतात, कारण दाब अजून स्थिर झालेला नसतो. ते सोडून द्या. रेषा पुढे जाऊन वर वाकली तर मात्र थांबून विचार करा: मोठे स्फटिक आधी खाली बसले आणि बारीक कणांची साय वर जमली, ही नेहमीची शक्यता. एकच कापड वापरताना छेद दर बॅचला वाढत असेल, तर कापडाची भोकं बुजत आहेत.

हीच चाचणी निदान तीन दाबांवर करा, उदाहरणार्थ ०.५, १ आणि २ बार. लॉग रोध आणि लॉग दाब यांच्या रेषेचा चढ म्हणजे केक किती दबतो त्याचा निर्देशांक. तो शून्याजवळ असेल तर दाब वाढवल्याचा पुरेपूर फायदा. १ जवळ असेल तर दाब दुप्पट करूनही वेग तेवढाच.

एवढं हाताशी आलं की डीईएमकडे वळा. कुंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत प्रत्येक कणावरचं बल वेगळं मोजलं जातं, आणि इथेच पहिली अडचण येते. ३० मायक्रॉनच्या वरच्या उदाहरणात एका ग्रॅममध्ये सुमारे ५.४ कोटी कण बसतात. अख्खा केक मांडणं शक्य नाही. बाजूंना आवर्ती सीमा (एका बाजूने बाहेर गेलेला कण समोरच्या बाजूने आत येतो) असलेली छोटी पेटी घ्या, रुंदी सर्वांत मोठ्या कणाच्या निदान दहापट. भिंती ठेवल्यात तर त्यांच्यालगत कण रांगेत बसतात आणि सच्छिद्रता फसवी येते. वेळेची पायरी रेले कालाच्या (कणाच्या पृष्ठावरून ताणाची लाट जायला लागणाऱ्या वेळेच्या) २० टक्क्यांच्या आत ठेवा. गणन लवकर संपावं म्हणून यंग मापांक (कणाच्या ताठपणाचा आकडा) शंभर-हजार पटींनी कमी करण्याची रीत आहे, चालतं. पण कण एकमेकांत किती घुसले ते तपासा. व्यासाच्या एका टक्क्याहून जास्त घुसले असतील, तर दाट दिसणारा केक हा गणिताचा दोष आहे.

घर्षणाशिवाय एकाच मापाचे गोल अस्ताव्यस्त ओतले तर सुमारे ६४ टक्के जागा भरतात. घर्षण वाढवा, रचना सैल होते. याचा मोह वाईट: घर्षणाचा आकडा फिरवून मोजलेली सच्छिद्रता हवी तशी जुळवता येते, आणि घर्षण व लोटण-रोध (कण गडगडण्याला होणारा विरोध) यांच्या अनेक जोड्या एकच उत्तर देतात. म्हणून एका दाबावर जुळवा आणि दुसऱ्या दाबावर, आकडे न हलवता, तपासा. तिथे चुकलं तर मॉडेल अजून काहीच सांगत नाही.

सुया हा स्वतंत्र अभ्यास आहे. लांबी रुंदीच्या ५० पट असलेल्या ताठ दांड्या अस्ताव्यस्त टाकल्या तर जेमतेम १० टक्के जागा भरतात. मग असा केक झटकन गळायला हवा ना? सहसा गळत नाही. सुया बारीक असल्याने पृष्ठफळ प्रचंड, प्रवाहाच्या ओढीने त्या आडव्या निजतात, दाबाखाली केक बसतो आणि ढवळणीखाली सुया मोडून बारीक तुकडे होतात. कोझेनी-कार्मनमधला १८० हा स्थिरांक गोल कणांना शोभतो, इथे तो तसाच वापरू नका. डीईएममध्ये गोलांच्या माळेने सुई बनवली तर एकमेकांत शिरलेल्या गोलांचं वस्तुमान दोनदा मोजलं जात नाही ना, हे पहिल्याच धावेत पाहा.

शेवटी एक्स-रे टोमोग्राफीने (क्ष-किरणांनी आतलं त्रिमितीय चित्र घेऊन) रचना पडताळायची असेल तर आधी कॉन्ट्रास्ट तपासा. सेंद्रिय स्फटिक आणि सेंद्रिय द्रावक दोन्ही मुख्यतः हलक्या मूलद्रव्यांचे, चित्रात ते जवळपास सारखेच करडे दिसतात. केक सुकवून चित्र घेतलं तर कडा स्पष्ट येतात, पण सुकताना तो आकसतो, तडकतो. त्या चित्रातून काढलेली सच्छिद्रता ओल्या केकच्या पट्टीच्या मापाशी ताडून पाहा, आणि फरक आला तर ओल्या मापावर विश्वास ठेवा.